धुराडे नसलेले घर

दिवाळी अंकासाठी एखादा टीकालेख लिहून पाठवावा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा मी ते दोनदा वाचले. पाकिटावरचा पत्ता चुकला असावा अशी शंका आली. माझ्या नावावर दोन कादंबऱ्या आहेत खऱ्या. पण पोटापाण्यासाठी मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक (दहावीला आमच्याकडे अजून मॅट्रिकच म्हणतात) आणि त्यापुढे चित्रकलेच्या सरकारी परीक्षा. टीकेचा माझा सराव मुलांच्या वह्यांपुरता. 'रंग रेषेबाहेर गेला', 'गाय चांगली, पण पाय पाच झाले', असले शेरे लिहिण्यात माझी वीस वर्षे गेली. असल्या माणसाने साहित्यावर काय टीका करायची?

पण गेले वर्षभर एक चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हा म्हटले, त्या चित्रावरच लिहावे. चित्र पाहणे हा तर आपला धंदाच आहे.

चित्र साधेच आहे. एक घर. दार, खिडक्या, उतरते छप्पर. त्याखाली प्रश्न असा की, या चित्रात काय राहून गेले आहे ते काढून दाखवा. १९१७-१८ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, अमेरिकेच्या लष्कराने हे चित्र नव्याने भरती झालेल्या लक्षावधी शिपायांपुढे ठेवले. बरोबर उत्तर होते धुराडे. सिसिलीहून आलेल्या एका शिपायाने धुराड्याच्या जागी क्रूस काढला. त्याच्या मुलखात घरावर क्रूस असतो. त्याचे उत्तर चूक धरले गेले. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८१ साली बुद्धिमापनाच्या इतिहासावर एक पुस्तक लिहिले; त्यात ही हकीकत आहे. डिक्शनरी शेजारी घेऊन मी ते पुस्तक वाचले आणि या जागेवर थांबलो. ही परीक्षा चित्रकलेची नव्हती. शिपायाला जन्मतः किती बुद्धी लाभली आहे, हे मोजण्याची ती परीक्षा होती.

वाचकहो, एखादी कथा वाचताना आपण सहज विचारतो की, ही कुणी सांगितली, कुणासाठी सांगितली, कोणत्या गावात आणि कोणत्या काळात घडली. कोकणातली कथा विदर्भात घडवून दाखवली तर आपण लेखकाला लगेच पकडतो. मात्र एखाद्या कागदावर 'शास्त्रीय कसोटी' असे लिहिले की आपले हे सगळे प्रश्न गळून पडतात. जणू शास्त्राला गाव नसते आणि साल नसते. मनाविषयीच्या सिद्धांतांनाही गाव असते, असे मला म्हणायचे आहे. आणि ते गाव विसरले की काय होते, हे एका सिद्धांताच्या गोष्टीवरून दाखवायचे आहे. ती गोष्ट बुद्ध्यंकाची.

गोष्ट सुरू होते पॅरिसमध्ये, आणि तिची सुरुवात चांगली आहे.

१८८२ साली फ्रान्सने सहा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे केले. (त्याच वर्षी आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली होती. फ्रान्समध्ये कायदा झाला. आपल्याकडे निवेदन झाले.) कायद्यामुळे सगळ्या थरांतली मुले शाळेत आली, आणि मास्तरांना एक नवीनच अडचण दिसू लागली. काही मुले वर्गाबरोबर चालत नव्हती. अशी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत कशी द्यावी, हे ठरवण्यासाठी १९०४ साली सरकारने एक समिती नेमली. तिच्यात आल्फ्रेड बिने हे गृहस्थ होते.

हे बिने मला आवडतात. आधी त्यांनी डोकी मोजून पाहिली. मोठे डोके म्हणजे मोठी बुद्धी, अशी त्या काळच्या विद्वानांची समजूत होती. टेप लावून लावून बिने कंटाळले आणि यात काही अर्थ नाही हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. घरी त्यांना दोन मुली होत्या. त्यांच्याकडे त्यांनी वर्षानुवर्षे लक्ष देऊन पाहिले. मग सिमों या डॉक्टरांना हाताशी धरून त्यांनी १९०५ साली तीस लहान लहान कामांची एक यादी केली. पुढे १९०८ आणि १९११ मध्ये ती सुधारली. आकडे ऐकून परत म्हणणे, नाणी मोजणे, सुटे पैसे परत देणे, दोन चेहऱ्यांतला सुंदर कोणता ते दाखवणे. आणि हो, अपुऱ्या चित्रात काय राहिले ते ओळखणे. कामे रोजच्या जगण्यातली. अमुक वयाची बहुतेक मुले अमुक काम करतात, एवढाच हिशेब. मूल कुठे अडले ते पाहायचे आणि तिथून त्याला हात द्यायचा.

या कामांनाही पॅरिसचा वास होताच. नाणी फ्रेंच होती, आणि सुंदर चेहरा म्हणजे पॅरिसला सुंदर वाटेल तो. ब्रसेल्समध्ये एका खाजगी शाळेतल्या मुलांना याच कसोट्या दिल्या तेव्हा ती पॅरिसच्या मुलांच्या बरीच पुढे निघाली. ती मुले सुखवस्तू घरांतली होती, हे कारण बिने यांनी स्वतः ओळखले. आपल्या कसोटीला घरची परिस्थिती चिकटलेली आहे हे त्यांना दिसत होते. म्हणूनच की काय, त्यांनी इशारेही देऊन ठेवले. बुद्धी ही कायमची ठरलेली वस्तू नव्हे, ती वाढवता येते, असे त्यांनी १९०९ सालच्या पुस्तकात आग्रहाने मांडले. उलट मानणाऱ्यांच्या निराशेवर ते चिडलेले दिसतात. आणि १९०५ मध्येच त्यांनी अशी भीती बोलून दाखवली होती की, डोईजड झालेली पोरे वर्गातून घालवण्यासाठी मास्तर लोक या कसोटीचा उपयोग करतील.

हे वाचून मला घाम फुटला. मास्तरांना त्यांनी बरोबर ओळखले होते.

१९११ साली, वयाच्या ५४व्या वर्षी बिने वारले. त्यांची यादी तोवर बोटीत बसून अटलांटिकपार गेली होती. इशारे मात्र धक्क्यावरच राहिले.

*

अमेरिका त्या वेळी कोणत्या मनःस्थितीत होती? १९०७ या एका वर्षात न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर दहा लाखांहून अधिक परदेशी माणसे उतरली. इटालियन, रशियन, पोलिश, ज्यू. गरीब, निराळी भाषा बोलणारी, निराळे देव मानणारी. आधी येऊन स्थिरावलेल्यांना ही गर्दी नकोशी झाली होती. दुसरीकडे १९०० साली मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम पुन्हा उजेडात आले होते आणि चांगल्या वाणाची पैदास वाढवावी, वाईट वाण थांबवावा, ही गोठ्यातली भाषा माणसांना लावण्याची चाल विद्वानांत पडली होती. अशा वेळी बिने यांची यादी तिथे पोचली. पॅरिसला प्रश्न होता की, या मुलाला शिकवावे कसे? अमेरिकेचा प्रश्न झाला की, या माणसाला आत घ्यावे का? कामे तीच राहिली. प्रश्न बदलला आणि प्रश्नाबरोबर सिद्धांतही बदलला. मूल आज कुठे अडले आहे हे सांगणारी खूण आता जन्माची ठेव ठरली.

न्यू जर्सीतल्या हेन्री गॉडर्ड यांनी ही यादी इंग्रजीत आणली. १९१३च्या सुमारास त्यांच्या मदतनिसांनी एलिस बेटावरच्या दीडशेच्या आसपास माणसांची परीक्षा घेतली. त्यांतली दर शंभरांत ऐंशीच्या घरातली माणसे मंदबुद्धी ठरली! आकडा पाहून गॉडर्डही चमकले. पण कसोटी मोडीत निघाली नाही. विचार करा. आठ-दहा दिवस बोटीच्या तळाशी काढून माणूस किनाऱ्याला लागलेला आहे. परत पाठवतील की काय या धाकाने जीव मुठीत धरलेला आहे. भाषा कळत नाही. त्याच्यापुढे एक अनोळखी बाई चित्रे ठेवते आणि दुभाष्यामार्फत प्रश्न विचारते. एका दुभाष्याने तर तिथल्या तिथे सांगितले होते की, मी या देशात आलो तेव्हा मलाही हे जमले नसते. त्या सगळ्या प्रकरणात मला बुद्धिमान माणूस दिसतो तो हा दुभाषी.

मग लष्कराच्या परीक्षा आल्या. रॉबर्ट यर्कीझ यांच्या देखरेखीखाली सुमारे साडेसतरा लाख माणसे मोजली गेली. वाचता येणाऱ्यांना एक पत्रिका, न येणाऱ्यांना दुसरी. पहिलीत एक प्रश्न होता की, क्रिस्को म्हणजे काय: औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ? क्रिस्को हे तिकडच्या एका वनस्पती तुपाचे नाव. आपल्याकडे कुणी 'डालडा म्हणजे काय' असे विचारून जन्मजात बुद्धी मोजली असती तर आपण त्याला काय म्हटले असते? दुसऱ्या प्रश्नात एक नाव देऊन हा लेखक, चित्रकार, बेसबॉलपटू की विनोदी नट, असे विचारले होते. तो बेसबॉल खेळणारा होता. बोटीतून उतरलेल्या पोलिश सुताराला हे ठाऊक नसले तर दोष त्याच्या मेंदूचा ठरला.

निरक्षरांच्या पत्रिकेत चित्रे होती, वीस चित्रे आणि तीन मिनिटे. चित्रांचा मास्तर म्हणून यावर मला थोडे अधिकाराने बोलू द्या. काय राहिले ते ओळखा, हा प्रकार बिने यांच्या यादीतही होता हे मी वर सांगितले. पण बिने यांची अपुरी चित्रे माणसाच्या चेहऱ्यांची होती. एकाला डोळा नाही, एकाला नाक नाही, एका बाईला हात नाहीत. चेहऱ्यावर नाक असते हे सिसिलीतही ठाऊक असते आणि सांगलीतही. लष्कराच्या चित्रांत काय राहिले होते? फोनोग्राफचा कर्णा. विजेच्या दिव्यातली तार. टेनिसच्या मैदानावरची जाळी. घराचे धुराडे. पाहा, प्रश्नाचे रूप तेच आहे. चित्रातली वस्तू तेवढी चेहऱ्यावरून टेनिसच्या जाळीवर आली. त्या एवढ्याशा अंतरात सबंध गरीब जग जाळीच्या पलीकडे राहिले. त्या शिपायांतल्या कित्येकांनी तोवर पेन्सिलही हातात धरली नव्हती.

गूल्ड यांनी पुढे एक गमतीदार प्रयोग केला. तीच निरक्षरांची पत्रिका त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातल्या आपल्या ५३ विद्यार्थ्यांना सोडवायला दिली. त्यांतले सहा जण साध्या शिपायाच्या पायरीपलीकडे गेले नाहीत!

लष्कराचा निष्कर्ष असा निघाला की, सरासरी गोऱ्या अमेरिकन शिपायाचे मानसिक वय तेरा आणि इटालियनाचे अकरा. पण त्याच आकड्यांत एक गोष्ट उघड्यावर पडलेली होती. परदेशी माणूस जितकी अधिक वर्षे अमेरिकेत राहिलेला, तितके त्याचे गुण अधिक. वीस वर्षे राहिलेला जवळजवळ तिथल्या माणसाइतका. कोणत्याही आजीबाईने याचा अर्थ सांगितला असता: राहून राहून माणूस शिकतो. कार्ल ब्रिगम या प्राध्यापकांनी १९२३ सालच्या पुस्तकात निराळा अर्थ लावला. आधी आलेली माणसे चांगल्या वाणाची आणि नंतर येणारी कमी प्रतीची, असा. आकडे समोर असूनही त्यांना ते वाचता आले नाहीत, कारण उत्तर आधीच ठरलेले होते. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांचा ओघ जवळजवळ बंद करणारा कायदा झाला. कायद्यामागे कारणे पुष्कळ होती, एकट्या परीक्षांवर त्याचे खापर फोडता येणार नाही. पण त्या हवेत हे पुस्तक लिहिले गेले, हे विसरूनही चालणार नाही.

*

आता एका मुलीची गोष्ट सांगतो. सणाच्या दिवशी सांगावी अशी ती नाही, पण तिच्यावाचून हा लेख नुसताच विद्वत्तेचा होईल.

व्हर्जिनिया राज्यात कॅरी बक नावाची मुलगी होती. तिची आई आधीच मंदबुद्धींच्या संस्थेत डांबलेली. कॅरी दुसऱ्यांच्या घरी वाढली. सहावीपर्यंत शाळेत गेली, बऱ्यापैकी शिकली, मग घरकामाला लावली गेली. त्या घरातल्या एका नातेवाइकाने तिच्यावर बळजबरी केली असे तिने पुढे सांगितले. तिला दिवस गेले, आणि त्या घराने तिला आईच्याच संस्थेत पाठवून दिले. तिथे कसोटी लावली. बिने यांच्या यादीचा अमेरिकन अवतार तोवर लुइस टर्मन यांनी १९१६ साली सिद्ध केला होता. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणायचे, तो आपला बुद्ध्यंक त्यांच्यामुळेच रूढ झाला. कॅरीचे मानसिक वय नऊ ठरले. तिच्या तान्ह्या मुलीला, व्हिव्हियनला, काही कसोटी लावणे शक्यच नव्हते. ती सातआठ महिन्यांची होती. एका बाईने तिच्याकडे पाहून, हिच्यात काहीतरी बरोबर नाही, असे सांगितले. आजी, आई, नात. तीन पिढ्या मंदबुद्धी, असे प्रकरण उभे राहिले. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की, कॅरीला पुन्हा मूल होऊ नये म्हणून तिच्यावर शस्त्रक्रिया करणे कायदेशीर आहे. ती झाली. त्या देशात अशा शस्त्रक्रिया झालेल्यांची संख्या पुढे साठ हजारांवर गेली.

आणि व्हिव्हियन? ती शाळेत गेली. १९३१ साली चांगल्या गुणांच्या मुलांच्या यादीत तिचे नाव लागले. १९३२ साली, वयाच्या आठव्या वर्षी, आजारी पडून ती गेली. कॅरी १९८३ पर्यंत जगली. तिला ओळखणारे सांगत की ती रोज वर्तमानपत्र वाचत असे.

शाळेतल्या मुलांची प्रगतिपुस्तके वर्षाला शेकडो माझ्या हातून जातात. व्हिव्हियनचे प्रगतिपुस्तक त्या न्यायाधीशांपुढे कुणी ठेवू शकत नव्हते, कारण निकाल लागला तेव्हा ती तीन वर्षांची होती. मुलाचा निकाल त्याच्या परीक्षेच्या आधी लावायची घाई झाली, की असे होते.

*

तुम्ही म्हणाल, मास्तर, मग हे सगळे मानसशास्त्र बुडवावे काय? तसे मला म्हणायचे नाही. ज्यांनी चुका केल्या त्यांतल्या काहींनी त्या कबूलही केल्या. गॉडर्डनी १९२८ मध्ये आपली मते बरीच मागे घेतली. ब्रिगमनी १९३० साली आपल्याच पुस्तकाचा पाया खोटा होता असे छापून जाहीर केले. आपल्या टीकाकारांत आणि कादंबरीकारांत इतका प्रामाणिकपणा मला क्वचितच आढळला, स्वतःला धरून! शास्त्राचे मोठेपण यातच आहे. पण या कबुल्यांनासुद्धा काळ आहे. हवा बदलली, तसे डोळे उघडले.

काळाचा प्रभाव किती असतो पाहा. जेम्स फ्लिन या न्यूझीलंडच्या अभ्यासकाने १९८४ पासून दाखवून दिले की, अनेक देशांत बुद्धिमापनाचे गुण दर दहा वर्षांना सुमारे तीन या गतीने वाढत आलेले होते. आजची मोजपट्टी लावली तर आपले पणजोबा मंद ठरतील. ज्यांनी ओढ्यावर बांध घातले, तोंडी व्याजाचे हिशेब केले, दोनशे ओव्या पाठ म्हटल्या, ती माणसे मंद होती असे मानायला निदान मी तयार नाही. बदलले ते जग. शाळा वाढली, कागद वाढला, चिन्हे वाचायची सवय वाढली.

आणि स्थळाचा प्रभाव? आफ्रिकेत लायबेरिया देशात क्पेले नावाचे शेतकरी लोक आहेत. जोसेफ ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यापुढे काही वस्तू ठेवल्या आणि एकत्र जातील अशा वस्तू जवळ ठेवायला सांगितले. त्या लोकांनी संत्र्याजवळ सुरी ठेवली, कारण सुरीने संत्रे कापतात. फळांत फळ आणि हत्यारांत हत्यार अशी शाळेला हवी ती विभागणी काही होईना. शहाणा माणूस असेच करतो, असे ते सांगत राहिले. शेवटी थकून परीक्षकाने विचारले की, मूर्ख माणूस कसे लावेल? त्याबरोबर त्यांनी फळांत फळे आणि हत्यारांत हत्यारे चोख लावून दाखवली!

मी हसलो आणि मग गप्प झालो. माझ्या आईने स्वयंपाकघरातल्या वस्तू याच शहाणपणाने लावल्या होत्या. पोळपाटाजवळ लाटणे आणि लाटण्याजवळ पिठाचा डबा.

आता आपल्याकडे वळतो. १९४० साली डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. बिने यांच्या कसोट्यांना त्यांनी आपल्या कानडी आणि मराठी मुलांसाठी रूप दिले. ही गोष्ट मोठीच होती. परक्या देशाचे माप आपल्या मुलांना जसेच्या तसे लावू नये, एवढे त्यातून मान्य झाले. पण प्रश्न तिथे संपत नाही. मराठी म्हणजे कुणाची मराठी? पुस्तकातली मराठी आणि डांगी, अहिराणी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या मुलाची मराठी यांत अंतर आहेच. आणि केवळ भाषेवर तरी का जावे? जन्मावरून बुद्धीचा हिशेब मांडण्याची विद्या आपल्याला कोणत्याही बोटीने आणावी लागली नाही. अमुक घरातला पोरगा म्हणजे गणितात हुशार असणारच, तमुक वस्तीतला म्हणजे डोक्याने जडच, हे टर्मन जन्मण्याच्या आधीपासून आपण बोलत आलो. अमेरिकेत शिपायांची डोकी मोजली जात होती त्याच १९१७ साली इकडे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. कुणाला किती बुद्धी आहे हे त्यांनी आधी मोजून घेतले नाही. त्यांनी दार उघडले.

आपल्या भाषेने तर मागे पडणाऱ्या मुलासाठी एक सबंध अक्षर राखून ठेवले आहे: ढ. असे सांगतात की, ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत सगळी अक्षरे बदलत गेली, ढ मात्र होता तसाच राहिला. म्हणून जो बदलत नाही तो ढ. बुद्धी जन्मतः ठरते आणि कधी बदलत नाही, हा अख्खा सिद्धांत आपण एका अक्षरात बसवला. लहानपणी तो माझ्याही वाट्याला आला होता. पण आज मला सांगायची आहे ती मला ढ म्हणणाऱ्यांची गोष्ट नव्हे. मी दुसऱ्याला ढ ठरवले, त्याची गोष्ट सांगायची आहे.

*

आमचा मुलूख उसाचा. दिवाळी आटोपली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात आणि चैत्राच्या सुमारास परत जातात. त्यांची काही मुले तेवढे महिने आमच्या शाळेत बसतात. दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा सहावीत आला. नाव सांगत नाही. नोव्हेंबरात मी वर्गाला विषय दिला: 'माझे घर'. सगळ्यांची चित्रे आली. दोन डोंगर, मधून सूर्य, कौलारू घर, बाजूला नदी. माझ्या वीस वर्षांत या देखाव्यातला एक डोंगरही हललेला नाही. या मुलाने कोरा कागद दिला. तास चालू असताना तो एकदा उठून माझ्याकडे आला होता आणि विचारले होते, "सर, कुठलं?" मी म्हटले, "कुठलं म्हणजे काय? घर रे, घर! जा, काढ." तो जागेवर गेला आणि तासभर पेन्सिल धरून बसला. संध्याकाळी मी वर्णनात्मक नोंदीत लिहिले: 'सूचना समजत नाहीत. आकलन कमी.' अक्षर सुंदर काढले होते. चित्रकलेच्या मास्तरांचे अक्षर सुंदरच असते.

जानेवारीत ते धुराड्याचे चित्र माझ्या वाचनात आले. गंमत म्हणून मी ते सहावीच्या फळ्यावर काढले आणि विचारले, "या घरात काय राहिले आहे?" धुराडे एकानेही सांगितले नाही. कुणी म्हणाले तुळस. कुणी म्हणाले पाण्याची टाकी. कुणी उंबरा, कुणी डिशची छत्री. एका मुलीने 'आजी' असे उत्तर दिले. अमेरिकन लष्कराच्या हिशेबाने माझा सबंध वर्ग मंदबुद्धी ठरला. शेवटच्या बाकावरून हा मुलगा म्हणाला, "सर, वर कागद न्हाई टाकलेला. पाऊस आला तर?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही. प्लास्टिकचा कागद कुठल्या घरावर टाकतात ते मला माहीत होते. कारखान्याच्या रस्त्याला त्यांच्या कोप्या मी रोज सायकलवरून पाहतो. बांबू, पाचट आणि वर कागद. त्या क्षणी नोव्हेंबरातला त्याचा प्रश्न मला ऐकू आला: "सर, कुठलं?" त्याला दोन घरे होती. एक गावाकडचे, कुलूप लावलेले, म्हातारीच्या भरवशावर सोडलेले. दुसरे सहा महिन्यांचे, दर हंगामाला नव्या जागी उभे करायचे. यांतले माझे कोणते, असे तो मला विचारत होता. सबंध वर्गात माझ्या प्रश्नातले व्यंग एकट्या त्याला दिसले होते, आणि त्यालाच मी लिहून ठेवले होते की सूचना समजत नाहीत!

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटले, "दोन्ही काढ." त्याने कोपी काढली. बांबू किती आणि कसे तिरके, दोरीची गाठ कुठे, बैल कोणत्या अंगाला बांधायचे म्हणजे वारा अडतो, सगळे बरोबर. गावाकडच्या घराला त्याने फक्त दार आणि कुलूप काढले.

ती नोंद मी खोडली. पण शाळेची एक प्रत आधीच पुढे गेली होती, आणि मार्चअखेर टोळी हलली तेव्हा तोही गेला. आकडे आणि शेरे यांचा हा गुण आहे की, ते मुलापेक्षा जलद चालतात आणि त्याच्या आधी पुढच्या गावाला जाऊन बसतात.

टीकालेखाच्या शेवटी निष्कर्ष द्यायचा असतो म्हणे. माझा निष्कर्ष बिने यांच्यापाशी परत जातो. मुलाला मोजायचे असेल तर त्याला हात देण्यासाठी मोजावे, घालवण्यासाठी नव्हे. आणि मनाविषयीचा कोणताही सिद्धांत घरात घेताना, सुनेचे स्थळ पाहतो तशी चौकशी करावी. हा कोणत्या गावचा? कोणत्या साली निघाला? तिथे तेव्हा कुणाला कशाची भीती वाटत होती? चौकशीत तो टिकला तर जरूर घ्यावा. तुमच्या मुलाच्या नावापुढे कुणी आकडा लिहून दिला, तर घाबरून जाण्याआधी ती कसोटी एकदा स्वतः पाहावी आणि त्यात धुराडे कुठे आहे ते शोधावे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा अंगणात पोरांचे किल्ले उभे असतील, आणि इकडे आमच्या रस्त्याला संसार भरलेले ट्रॅक्टर दिसू लागतील. तो मुलगा त्यांत असेल की नाही, कोण जाणे; टोळी दर वर्षी त्याच कारखान्याला येते असे नाही. 'माझे घर' हा विषय मी याही वर्षी देणार आहे. मात्र फळ्यावर विषयाखाली आणखी एक ओळ लिहीन: कुठले, ते ज्याने त्याने ठरवावे.